मधला माणूस : ना. म. जोशी

मुंबईत लोअर परळ स्टेशनजवळून जो मोठा रस्ता जातो त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसं अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. हे जोशी नक्की कोण, हे आपल्या होस्टेलमध्ये विचारून पाहा, फार जणांना सांगता येणार नाही. कामगार चळवळ म्हटलं की डांगे आठवतात, दत्ता सामंत आठवतात. जोशी आठवत नाहीत, कारण ते ना धड क्रांतिकारक, ना मालकांचे. मला त्यांच्यावर लिहावंसं वाटलं ते म्हणूनच.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ चा, कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातल्या गोरेगावचा. डेक्कन कॉलेजातून पदवी, मग काही वर्षं मास्तरकी, आणि १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं असं काम. यात भाषण ठोकण्यासारखं काहीच नव्हतं!

१९२० मध्ये आयटक, म्हणजे देशातली पहिली मोठी कामगार संघटना निघाली, तिच्या संस्थापकांत जोशी होते. त्याच सुमारास मद्रासमध्ये एक प्रकरण घडलं. तिथल्या एका गिरणी कंपनीने युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांच्यावर दावा लावला आणि हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. म्हणजे कामगारांची संघटना बांधणं हाच गुन्हा ठरायची वेळ आली. जोशी तेव्हा दिल्लीच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सदस्य होते. (याच शब्दावरून त्यांना आयुष्यभर टोमणे खावे लागले.) त्यांनी १९२१ मध्ये युनियनला संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव आणला. कायदा झाला १९२६ मध्ये. पुढे लाल बावटावाल्यांनी आपली युनियन रजिस्टर केली ती याच कायद्याखाली, ही मला फार मजेची गोष्ट वाटते.

खरी परीक्षा १९२८ मध्ये झाली. मुंबईच्या गिरण्यांत रॅशनलायझेशन आलं. आपल्याला ते मॅनेजमेंटच्या पेपरात पाच मार्कांना येतं. तिथे त्याचा अर्थ होता की विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे आणि बाकीच्यांनी घरी जायचं. जोशींची युनियन आधी सार्वत्रिक संपाच्या विरोधात होती. पण संप झालाच म्हटल्यावर ते बाजूला बसले नाहीत. कम्युनिस्टांबरोबर एकाच संप समितीत बसले. सुमारे दीड लाख कामगार, एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने! शेवटी फॉसेट चौकशी समितीवर तडजोड झाली. तडजोडीचं बोलणं जोशींना जमायचं, पण त्या संपात कामगार गोळा झाले ते लाल बावट्याखाली. जोशींची युनियन त्यापुढे लहानशीच राहिली.

१९२९ मध्ये आयटकचं नागपूर अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली कमिशन नेमलं होतं आणि जोशी त्याचे सदस्य होते. त्यावर बहिष्कार टाकायचा ठराव बहुमताने पास झाला. जोशी, व्ही. व्ही. गिरी वगैरे मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं.

इथे मी बराच वेळ अडकलो. बहिष्कारवाल्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. मार्चमध्येच मेरठ खटल्यात कामगार पुढाऱ्यांना पकडलेलं, संपांवर बंधनं घालणारा कायदा त्याच वर्षी आलेला; त्याच सरकारच्या कमिशनवर कसलं बसायचं? जोशींनीही त्या कायद्याला विरोध केलाच होता. पण चाळीतली खोली, कर्जाचा विळखा, कामाचे तास हे सगळं कागदावर यायचं असेल तर कोणीतरी आत बसायला हवं, असा त्यांचा हिशेब. तो मला पटतो. फूट मात्र महागात पडली. पुढची कित्येक वर्षं मालकांसमोर तीन-तीन संघटना, आणि आपापसात शिव्या.

जोशींचं मला सगळ्यात आवडलेलं काम यानंतरचं आहे. १९३८ पासून जुळवाजुळव सुरू झाली आणि १९४० मध्ये फेडरेशन आयटकमध्ये परत विलीन झालं. जोशी पुन्हा सरचिटणीस झाले, १९४८ पर्यंत. ज्यांनी त्यांना सरकारचा माणूस म्हटलं त्यांच्याच बरोबर रोजची मीटिंग, रोजचा पत्रव्यवहार. आपल्याकडे गॅदरिंगच्या कमिटीत भांडण झालं तर लोक चार वर्षं बोलत नाहीत!

बाळंतपणाच्या रजेचं त्यांचं बिल १९२४ चं, ते कायदेमंडळात पडलं. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये तसा कायदा केला. साऱ्या देशासाठी तो झाला १९६१ मध्ये. जोशी १९५५ च्या मे महिन्यात गेले होते.