ओव्हिलेर मठाचे कोठारप्रमुख : दों पिएर पेरिन्यों

आपल्याकडील लग्नसमारंभात केक कापला जातो, पाठोपाठ बाटलीचे बूच उडते आणि फेस उसळतो. त्या बाटलीला आपण सरसकट शॅम्पेन म्हणतो. वास्तविक शॅम्पेन हे फ्रान्समधील एका प्रांताचे नाव आहे. त्या प्रांताच्या आखून दिलेल्या सीमेत पिकलेल्या द्राक्षांपासून, ठरलेल्या पद्धतीने तयार झालेल्या द्राक्षारसालाच ते नाव लावण्याचा अधिकार आहे. आपल्या नाशिकच्या फेसाळ वाईनलाही ते लावता येत नाही. ह्या प्रांताशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते दों पिएर पेरिन्यों एक बेनेडिक्टाइन संन्यासी होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ‘दों’ हे त्या संघातील व्रतस्थांना लावले जाणारे आदरार्थी संबोधन होय. त्यांचा जीवनपट आज आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

आधी त्या भूमीची ओळख करून घेऊ. शॅम्पेन प्रांत पॅरिसच्या पूर्वेस आहे. रॅन्स हे त्याचे मोठे शहर. इ. स. ५०० च्या सुमारास संत रेमी ह्यांनी फ्रँक राजा क्लोव्हिस ह्याला तेथेच स्नानसंस्कार दिला आणि पुढे फ्रान्सचे बहुतेक राजे तेथील महामंदिरात अभिषिक्त झाले. द्राक्षवेलीच्या दृष्टीने मात्र ही भूमी सुखाची नाही. वर्षाचे सरासरी तापमान जेमतेम ११ अंश सेल्सिअस. वसंतात कोवळे कोंब हिमकणांनी जळतात, उन्हाळा तोकडा असतो आणि द्राक्षे पुरती गोड होण्याआधीच थंडी दाराशी येते. वरची माती पातळ असून तिच्याखाली खडूचा पांढरा थर आहे. हा खडू मात्र भूमीचा उपकारकर्ता आहे. त्याच्या एका घनमीटरमध्ये ३०० ते ४०० लिटर पाणी साठते. पावसाळी दिवसांत तो जादा पाणी शोषून घेतो आणि कोरड्या दिवसांत तेच वेलीच्या मुळांना पुरवितो. थंडीमुळे द्राक्षात टिकून राहणारा आंबटपणा आणि ह्या खडूमुळे मिळणारा समतोल, हाच शॅम्पेनच्या द्राक्षारसाचा स्वभाव आहे.

पिएर पेरिन्यों ह्यांचा जन्म ह्याच प्रांतातील सेंत-मेनेऊ गावी १६३८ च्या सुमारास झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिक्षण घेतल्यावर त्यांनी तरुणपणीच व्हर्दं येथील सेंट व्हान मठात प्रवेश केला. १६६८ साली त्यांना मार्न नदीच्या काठावरील टेकडीवर वसलेल्या ओव्हिलेर मठात कोठारप्रमुख म्हणून नेमण्यात आले. रॅन्सचे महागुरुस्वामी संत निव्हार्ड ह्यांनी सातव्या शतकात स्थापन केलेला हा मठ संत हेलेना ह्यांच्या अवशेषांमुळे यात्रेकरूंना परिचित होता. परंतु युद्धे आणि लुटालुटीने तो खंगला होता.

कोठारप्रमुखाचे पद म्हणजे केवळ किल्ल्या सांभाळणे नव्हे. संत बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या नियमावलीचा ३१ वा अध्याय ह्याच पदाला वाहिला आहे. मठातील प्रत्येक अवजार वेदीवरील पवित्र पात्राइतक्या आदराने हाताळावे आणि आजारी, बालके, पाहुणे व गोरगरीब ह्यांची विशेष काळजी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. दों पेरिन्यों ह्यांनी ही जबाबदारी थोडीथोडकी नव्हे, ४७ वर्षे वाहिली. मठाचे शेत, हिशेब, दुरुस्ती, येणे-देणे सारे त्यांच्याकडे होते. त्यांच्या कारकिर्दीत मठाचे द्राक्षमळे जवळजवळ दुप्पट झाले.

त्यांच्या काळातील व त्यांच्या नावाशी जोडले गेलेले नियम पाहिले की ह्या माणसाची चिकाटी ध्यानात येते. वेलींची छाटणी कडक करून त्या सुमारे तीन फुटांपर्यंतच ठेवायच्या, म्हणजे घड थोडे पण सकस येतात. खुडणी सकाळच्या गारव्यात करायची. फुटलेला वा दबलेला मणी बाजूला काढायचा. वाहतुकीसाठी शक्यतो घोडे टाळून शांत स्वभावाची खेचरे व गाढवे वापरायची. द्राक्षे पायाने न तुडविता दाबयंत्रात हलकेच दाबायची. त्यामुळे काळ्या द्राक्षांपासूनही स्वच्छ, फिकट रस मिळे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षे चाखून त्यांचा मेळ घालायचा. एका उतारावरचा कस, दुसऱ्यावरचा सुगंध, तिसऱ्यावरचा आंबटपणा ह्यांनी एकमेकांची उणीव भरून काढायची. एकट्या मळ्याला ज्या भूमीत दरवर्षी यश मिळणे कठीण, तेथे अनेक मळ्यांनी मिळून यश मिळवायचे, हा त्या प्रांताचा धडा आजही तेथे पाळला जातो.

आता फेसाविषयी. दों पेरिन्यों ह्यांनी बुडबुडे शोधून काढले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी नाही. त्या थंड प्रदेशात हिवाळ्यामुळे रस आंबण्याची क्रिया मध्येच थांबे आणि वसंतातल्या उबेने पुन्हा सुरू होई. तोवर रस बाटलीत भरलेला असला तर वायू आतच कोंडला जाई. त्याकाळच्या कमकुवत बाटल्या त्या दाबाने फुटत. त्यामुळे चांगल्या कोठारप्रमुखाच्या लेखी बुडबुडे हा दोष होता आणि दों पेरिन्यों ह्यांचे परिश्रम उत्तम, स्थिर द्राक्षारसासाठी होते. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मेरेट ह्यांनी साखर घालून द्राक्षारस फेसाळ करण्याच्या रीतीची नोंद १६६२ सालीच, म्हणजे दों पेरिन्यों ओव्हिलेरला येण्यापूर्वी, केली होती. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला. त्यानंतर, १८२१ साली, त्याच मठाचे माजी संन्यासी दों ग्रोसार ह्यांनी आपल्या पूर्वसूरींचे गौरवपर वर्णन लिहिले आणि तेथून ही कथा पसरली. पुढे व्यापाऱ्यांच्या जाहिरातींनी तिला रंग चढविला. विसाव्या शतकात तर एका महागड्या शॅम्पेनलाच त्यांचे नाव देण्यात आले.

सप्टेंबर १७१५ मध्ये दों पेरिन्यों प्रभूच्या घरी गेले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, जवळपास त्यांच्याच वयाचा राजा चौदावा लुई निवर्तला होता. ओव्हिलेरच्या चर्चमध्ये वेदीजवळ दों पेरिन्यों ह्यांची समाधी आहे. तिच्या शिळेवरील लॅटिन लेखात बुडबुड्यांचा उल्लेख नाही, द्राक्षारसाचाही नाही. ४७ वर्षे कोठारप्रमुख, कारभारात प्रशंसनीय, सद्गुणसंपन्न आणि विशेषतः गरिबांवर पित्यासारखे प्रेम करणारे, अशी त्यांची नोंद त्यांच्या बंधूंनी केली आहे. २०१५ साली युनेस्कोने शॅम्पेनचे द्राक्षउतार व तळघरे जागतिक वारशात समाविष्ट केली; त्यांत ओव्हिलेरही आहे.

दारूमुळे उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांतही आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. संत बेनेडिक्ट ह्यांनीही नियमावलीच्या ४० व्या अध्यायात द्राक्षारसाला मर्यादा घातली आहे आणि जो संपूर्ण वर्ज्य करू शकतो त्याला देवाकडून प्रतिफळ मिळेल, असे म्हटले आहे. म्हणून ह्या चरित्रातून पेला उचलण्याची प्रेरणा कोणी घेऊ नये. घ्यायचीच तर एका हिशेबनिसाची घ्यावी. धर्मग्रामाची वही लिहिणारे, पतपेढीचा कारभार पाहणारे, वाडीतले पाणी वेळेवर सोडणारे अनेक जण आपल्यात आहेत. त्यांचे नाव कोणत्याही बाटलीवर येणार नाही. दों पेरिन्यों ह्यांच्या बंधूंना समाधीवर जे लिहावेसे वाटले, ते मात्र त्यांच्याविषयीही लिहिता यावे, एवढीच प्रार्थना.