भाऊसाहेबांची कृषक चळवळ

नागपूर : हिवाळी अधिवेशनाच्या काळात शेतकऱ्यांचे मोर्चे येथील विधान भवनाच्या दिशेने निघतात, तेव्हा एका जुन्या संदर्भाचे स्मरण क्वचितच कोणाला होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालत असताना, याच शहरात कृषी आणि शिक्षण ही खाती सांभाळणारा बत्तिशीतला एक मंत्री सावकारी पाशाविरुद्ध कायद्याची लढाई लढत होता. ते होते डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९२० मध्ये विलायतेस गेले. पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून वडील शामरावांनी त्यांना शिकविले. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची सनद घेऊन ते १९२६ मध्ये परतले. वेदविद्येत पारंगत झालेला हा कुणबी तरुण अमरावतीत वकिली करून सुखाने राहू शकला असता. त्याऐवजी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उघडले, अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या चळवळीत उडी घेतली आणि १९२७ मध्ये शेतकरी संघाची उभारणी केली. त्याच वर्षी विमलाबाईंशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. संघाचे विचार गावोगावी पोहोचावेत यासाठी महाराष्ट्र केसरी हे पत्रही निघाले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या.

सन १९३० मध्ये ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि मंत्री झाले. तो काळ जागतिक मंदीचा. कापसाचे भाव कोसळले होते, पण सावकाराचे व्याज मात्र तसूभरही कमी झाले नव्हते. वऱ्हाडातील काळी कसदार जमीन कर्जापायी हातची जात होती. त्या वेळी पंजाबरावांनी पाठपुरावा केलेला कर्ज सामोपचाराचा कायदा १९३३ मध्ये झाला. देशातील या स्वरूपाचा तो पहिला कायदा. त्यात कर्जमाफी नव्हती. धनको आणि ऋणको यांना एका मंडळापुढे बसवायचे, कर्जाची रक्कम तडजोडीने ठरवायची आणि ती हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यायची, अशी ती व्यवस्था होती. कर्जमाफीच्या घोषणांची सवय झालेल्या आजच्या वाचकाला हा मार्ग मवाळ वाटेल. परंतु सावकार मंडळींना तोही जाचक वाटला. देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकहितासाठी व्हावा, असे विधेयकही त्यांनी मांडले होते. ते मात्र तडीस गेले नाही. १९३३ मध्ये त्यांचे मंत्रिपद संपले. शिवाजी शिक्षण संस्थेचे काम तोवर सुरू झालेच होते. नागपुरातील काँग्रेसनगरचे शिवाजी विज्ञान महाविद्यालय याच संस्थेचे.

घटना समितीत काम केल्यानंतर १९५२ मध्ये ते लोकसभेवर गेले. देशाचे पहिले कृषिमंत्री असा त्यांचा उल्लेख सर्रास होतो, तो तितकासा बिनचूक नाही. स्वातंत्र्याच्या वेळी अन्न व कृषी खाते डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते. पंजाबराव १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात मंत्री होते. या काळात अन्न व कृषी मंत्रालयाची अंतिम सूत्रे रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन, स. का. पाटील यांच्या हाती राहिली. अधिकाराची ही मर्यादा ओळखूनच त्यांनी मंत्रालयाबाहेर शेतकऱ्यांची शक्ती उभी करण्याचे ठरविले असावे.

एप्रिल १९५५ मध्ये दिल्लीत भारत कृषक समाजाची स्थापना झाली. कामगारांच्या संघटना होत्या, व्यापाऱ्यांची मंडळे होती. शेतकऱ्याला मात्र दिल्लीत आवाज नव्हता. पक्षभेद बाजूला ठेवून धोरणांवर बोलणारे हे अखिल भारतीय व्यासपीठ होते आणि शेती न करणाऱ्या पण शेतीविषयी आस्था बाळगणाऱ्यांनाही ते परके नव्हते. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनाने सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव केला आणि देशभर वादळ उठले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समाजाने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या दिवशी तेथे आले होते. अमेरिका आणि रशिया शीतयुद्धात गुंतलेली असताना दोघांचीही दालने शेतकऱ्यांनी पाहिली.

तरीही एक प्रश्न उरतो. मंत्र्यानेच स्थापन केलेली संघटना त्याच्याच सरकारला कितपत धारेवर धरणार? कृषक समाजाचा भर अधिवेशने, प्रदर्शने, निवेदने यांवर राहिला. रस्ता रोखण्याची भाषा महाराष्ट्रातील कापूस आणि कांदा उत्पादकांच्या तोंडी पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आणली, ती १९८० च्या आसपास. पंजाबरावांचा पिंड बॅरिस्टरचा. कायदा आणि संस्था यांवर त्यांची श्रद्धा होती. शेतमालाच्या किमतींबाबत सरकारला सल्ला देणारा कृषी मूल्य आयोग जानेवारी १९६५ मध्ये नेमला गेला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, १० एप्रिल १९६५ रोजी, दिल्लीत भाऊसाहेबांचे निधन झाले. अमरावतीच्या रिक्त जागेवर विमलाबाई निवडून आल्या.

त्यांच्या पश्चात विदर्भाने जे केले, ते मात्र निवेदनांपुरते थांबले नाही. कृषी विद्यापीठ राहुरीला की अकोल्याला, या वादात १९६७ मध्ये विद्यार्थी, शेतकरी आणि शहरवासी एकत्र रस्त्यावर उतरले. अकोल्यात गोळीबार झाला, त्यात आंदोलकांचे प्राण गेले. राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये झाले. अकोल्याचे २० ऑक्टोबर १९६९ रोजी. त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले आणि नागपूरचे जुने कृषी महाविद्यालय त्याच्या छत्राखाली आले.