टेम्पोवाले फिरोदिया

रूम शिफ्ट करायचीय? टेम्पो सांगा. मंडळाचा गणपती आणायचाय? टेम्पो सांगा. गॅदरिंगचा सेट कॉलेजवर न्यायचाय, तरी टेम्पोच. गाडी टाटाची असो, महिंद्राची असो की पियाजिओची, पुण्यात तिला टेम्पोच म्हणतात. खरं तर टेम्पो हे एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. हँबुर्गच्या त्या कंपनीचं नाव पुण्याच्या पेठांमध्ये कसं रुळलं, हे शोधायला गेलं की एक माणूस भेटतो. नवलमल कुंदनमल फिरोदिया.

फिरोदिया म्हटलं की आपल्याला आधी करंडक आठवतो. रात्रभर चालणाऱ्या तालमी, लाइव्ह म्युझिक, स्टेजवर रंगवलं जाणारं चित्र वगैरे. आडनाव ओळखीचं, पण माणूस अनोळखी. नवलमल गेले १९९७ मध्ये, म्हणजे आज कॉलेजात असलेल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण कॉलेजला येताना आपण ज्या रिक्षात बसतो आणि सामान ज्या टेम्पोत टाकतो, त्या दोन्ही गाड्यांच्या गोष्टीत हा माणूस सुरुवातीलाच भेटतो.

नगरचं घर

फिरोदिया घराणं नगरचं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं. नवलमल यांचा जन्म १९१० चा. वडील कुंदनमल नामांकित वकील आणि काँग्रेसचे पुढारी. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. घरात गांधीजींच्या चळवळीचं वातावरण. नवलमलही स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि तुरुंगात जाऊन आले. धाकटे भाऊ हस्तिमल यांनी पुढे कायनेटिक इंजिनिअरिंग उभी केली आणि १९७२ मध्ये लूना रस्त्यावर आणली. एका वकिलाच्या घरातून दोन गाड्यावाले निघाले!

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नवलमल यांनी जय हिंद इंडस्ट्रीज सुरू केली. नावातूनच काळ कळतो.

तेव्हाची वाहतूक कशी होती, ते आधी बघू. १ जून १९४८ ला पुणे आणि नगरच्या दरम्यान पहिली सरकारी एसटी धावली. लांबच्या प्रवाशांची जबाबदारी सरकार हळूहळू स्वतःकडे घेत होतं. मालाचं तसं नव्हतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाडीला परमिट लागायचं, आणि ते काढून खाजगी ट्रकमालक धंदा करायचे. गावातल्या गावात मात्र बैलगाडी, हातगाडी, टांगा आणि हमालाची पाठ एवढंच होतं.

चित्रातली गाडी

१९४८ च्या सुमारास नवलमल यांच्या पाहण्यात एका इटालियन गाडीचं चित्र आलं. पियाजिओ कंपनीची तीनचाकी, पुढे स्कूटर आणि मागे हौदा. महायुद्धात होरपळलेल्या इटलीत दुकानदारांना स्वस्तात माल नेता यावा म्हणून ती काढली होती. तिचं नाव आपे, इटालियनमध्ये मधमाशी. भाजी, दूध, पाव असला माल ती पोचवायची.

आपल्याकडे तेव्हा काही शहरांत माणूसच माणसाला ओढत होता. गांधीजींच्या चळवळीत वाढलेल्या नवलमल यांना ते खटकत होतं. मागच्या हौद्याच्या जागी सीट बसवली, तर हीच गाडी माणसं नेईल, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी गाडी मागवून घेतली आणि तसा बदल करून घेतला. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. गाडी त्यांना दाखवली आणि त्यांनी पाठिंबा दिला. १९५० च्या आसपास पुण्याच्या रस्त्यावर ऑटोरिक्षा दिसायला लागली.

म्हणजे रिक्षा मुळात मालगाडी आहे. मीटरवरून भांडताना हे आठवलं तर थोडं हसू येईल.

या कामात नवलमल यांच्याबरोबर बजाज कुटुंब होतं. बजाजही गांधीजींच्या वर्तुळातले. १९४५ मध्ये सुरू झालेली त्यांची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन आधी परदेशी गाड्या आणून विकायची. १९५९ मध्ये तिला स्कूटर आणि तीनचाकी इथेच बनवायचं लायसन्स मिळालं आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. १९५१ च्या कायद्यानुसार तेव्हा काय बनवायचं आणि किती, हेही सरकारच ठरवायचं. मागणी कितीही असू दे, लायसन्समध्ये असेल तेवढीच गाडी.

हँबुर्ग ते आकुर्डी

माणसांची सोय झाली, पण मालाचं काय? टाटांच्या टेल्कोने १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले होते. पण तो ट्रक हायवेचा. रविवार पेठेच्या किंवा भवानी पेठेच्या गल्लीत तो वळणार कसा? आणि एका दुकानदाराच्या दहा पोत्यांसाठी आख्खा ट्रक कोण सांगणार?

हँबुर्गच्या विडाल अँड झोन कंपनीकडे याचं उत्तर होतं. १९२० च्या दशकापासून ती टेम्पो नावाने छोट्या तीनचाकी मालगाड्या बनवत होती. १९५८ मध्ये तिच्या सहकार्याने नवलमल यांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली. तिची पहिली गाडी हॅन्सीट. पुढे नाकासारखं लांब बोनेट, त्याखाली एकच चाक, इंजिन त्याच चाकापाशी आणि मागे मोकळा हौदा. टू-स्ट्रोक इंजिनचा आवाज गाडीच्या आधी गल्लीत पोचायचा. दिसायला अजिबात देखणी नाही, पण अरुंद बोळात वळायची, बिघडली तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त व्हायची, आणि ट्रकपेक्षा खूपच कमी पैशात यायची.

पुढे कंपनी आकुर्डीला जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर स्थिरावली. बजाज ऑटोही त्याच रस्त्यावर. आज त्या भागात कॉलेजला जाणाऱ्यांना दोन्ही गेट माहीत असतील.

एक गाडी, एक फर्म

ट्रान्सपोर्ट कंपनी म्हटलं की आपल्यासमोर शेकडो ट्रक आणि मोठं ऑफिस येतं. तशा कंपन्या आहेतच. आपल्या सीमेपलीकडे गदगला १९७६ मध्ये विजय संकेश्वर यांनी एका ट्रकवर सुरू केलेली व्हीआरएल आज देशातली मोठी कंपनी आहे. पण ती अपवाद. आपल्याकडे रस्त्यावरची मालवाहतूक मुख्यतः एक-दोन गाड्यांच्या मालकांवर चालते. गाडी नवऱ्याच्या नावावर, हिशोब बायकोच्या वहीत, क्लीनर म्हणून भाचा. ऑफिस म्हणजे मार्केट यार्डातला किंवा टिंबर मार्केटमधला स्टँड. झाली फर्म!

हे गणित हॅन्सीटसारख्या गाडीने शक्य केलं. बाहेरगावचा ट्रक शहराच्या कडेला गोडाऊनला येतो. मोठ्या गाडीला दिवसा पेठेत बंदी. मग बिल्टी बघून माल सुटा होतो, हमाल तो उतरवतात आणि टेम्पो तो दुकानापर्यंत नेतो. हा शेवटचा तुकडा दोन-चार किलोमीटरचा, पण त्याच्याशिवाय ट्रकच्या आठशे किलोमीटरना अर्थ नाही. या तुकड्यावर हजारो घरं उभी राहिली. काल दुसऱ्याच्या गाडीवर हमाली करणारा माणूस कर्ज काढून टेम्पो घ्यायचा आणि हप्ते फिटले की मालक व्हायचा. भाडं तो स्वतः ठरवायचा. घासाघीस व्हायची, पण समोरासमोर. खेप परवडत नसेल तर तो नाही म्हणू शकायचा.

नवलमल यांच्या कामाचं मोठेपण मला इथे वाटतं. त्यांनी नोकऱ्या दिल्या, कारखाना उभारला, हे तर आहेच. पण त्यांच्या गाडीने पगारी माणसाला मालक व्हायची संधी दिली.

वाटण्या आणि मॅटॅडोर

१९६८ मध्ये बजाज आणि फिरोदिया वेगळे झाले. बजाज ऑटो बजाजांकडे गेली आणि तरुण राहुल बजाज यांनी तिची सूत्रं घेतली. बजाज टेम्पो फिरोदियांकडे आली. एकमेकांच्या कंपन्यांतले शेअर्स मात्र राहिले आणि त्यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालला. गंमत म्हणजे कंपनी फिरोदियांची झाली, तरी पाटीवरचं बजाज हे नाव आणखी जवळजवळ ३७ वर्षं तसंच होतं.

लगेच पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, मॅटॅडोर आली. चार चाकं, डिझेल इंजिन, बंद बॉडीतही मिळणारी. ती माल वाहायची, शाळेची मुलं न्यायची, वऱ्हाड न्यायची, ॲम्ब्युलन्स व्हायची. आपल्या आई-बाबांना विचारा, त्यांच्या पिढीत मॅटॅडोर हेही गाडीच्या प्रकाराचंच नाव होतं. १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली. आज ट्रिपच्या ग्रुपवर आपण जिला नुसतं टीटी लिहितो, ती हीच.

इकडे मूळ जर्मन टेम्पोचं काय झालं? साठच्या दशकात ती कंपनी दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि पुढे तिकडच्या रस्त्यावरून तिचं नावही गेलं. आपल्याकडे हॅन्सीट सन २००० पर्यंत बनत राहिली. लखनौ-पाटण्याकडे टेम्पो म्हणजे शेअर रिक्षा. काठमांडूत तर बॅटरीवर चालणारे सफा टेम्पो आहेत. आपल्याकडे मात्र टेम्पो म्हणजे मालाची गाडी, ती कुठल्याही कंपनीची असू दे.

पाटी गेली, नाव राहिलं

नवलमल १९९७ मध्ये गेले. कंपनी मुलाकडे, अभय फिरोदियांकडे होतीच. त्यानंतरची काही वर्षं छोट्या मालगाडीच्या धंद्यात उलथापालथीची होती. ज्या पियाजिओच्या चित्रावरून सगळं सुरू झालं, तिने नव्वदच्या दशकाच्या शेवटी बारामतीला स्वतःचा कारखाना टाकला आणि आपे आपल्याच जिल्ह्यात बनायला लागली.

मग २००५ साल आलं. टाटा मोटर्सने एस बाजारात आणली, सुरुवातीला पुण्यातच बनवलेली. लोकांनी तिचं छोटा हत्ती करून टाकलं. तीनचाकीच्या आसपासच्या पैशात चार चाकं, वर पक्कं केबिन. एकेका गाडीवर जगणाऱ्यांनी ती उचलली. त्याच वर्षी बजाज टेम्पोने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. म्हणजे ज्या वर्षी कंपनीच्या पाटीवरून टेम्पो पुसलं गेलं, त्याच वर्षी छोट्या मालगाडीचा नवा राजा आला. आणि पुणेकर त्यालाही टेम्पोच म्हणायला लागले.

आता हौद्यात कोण?

आज टेम्पो सांगायला कोणी स्टँडवर जात नाही. ॲप उघडायचं, कुठून कुठे ते टाकायचं, रेट दिसतो आणि गाडी येते. आपल्यासाठी हे भारीच आहे. घासाघीस नाही, आधी एक भाडं आणि नंतर दुसरं असंही नाही. स्टँडवर ज्याची ओळख नाही, अशा नव्या ड्रायव्हरलाही काम मिळतं.

पण गाडीच्या पलीकडच्या बाजूनेही बघायला हवं. गाडी त्याची, हप्ता त्याचा, डिझेल, इन्शुरन्स आणि दंडही त्याचाच. भाडं मात्र आता तो ठरवत नाही. ते स्क्रीनवर येतं आणि त्यातून कमिशन जातं. खेप नाकारली तर पुढची खेप मिळेल का, ही धाकधूक असतेच. कागदावर तो आजही मालक आहे. पण पूर्वी मालकीबरोबर येणारं भाव ठरवायचं आणि नाही म्हणायचं स्वातंत्र्य त्याच्याकडे किती उरलंय, हा प्रश्न आहे. आपल्यातल्या काही जणांची फी याच गाडीच्या खेपांमधून भरली जाते, त्यामुळे हा प्रश्न लांबचा नाही.

नवलमल फिरोदियांच्या काळात अडचण होती ती गाडीची. लायसन्स, परवानगी, परदेशी सहकार्य यातून वाट काढत त्यांनी ती सोडवली. आजची अडचण गाडीची नाहीच. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक, तीन चाकं, चार चाकं, जी हवी ती मिळते. गाडीवाल्याला त्याच्या धंद्यात त्याचा शब्द परत कसा मिळेल, हे कोडं आता सोडवायचंय. ॲप बनवायला शिकणारी मुलं याच शहरातल्या कॉलेजांमध्ये बसली आहेत. टेम्पोवाल्यांचं स्वतःचं, त्यांनीच भाव ठरवलेलं ॲप त्यांच्यातल्या कोणाला सुचायला काय हरकत आहे? नवलमल यांना तर नुसतं एक चित्र पुरलं होतं.