चित्रपती व्ही. शांताराम

या महिन्याच्या भित्तीपत्रकात थोर माणसाचं चरित्र लिहायची पाळी माझी आहे. मी व्ही. शांताराम यांचं चरित्र निवडलं. वर्गातली मुलं म्हणाली, सिनेमावाल्याचं चरित्र कशाला? त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी चरित्र ऐका.

त्यांचं पूर्ण नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. जन्म १८ नोव्हेंबर १९०१, कोल्हापूर. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण फारसं झालं नाही. लहानपणी ते काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात राबले. पत्र्याच्या सिनेमा थेटरात पडेल ते काम केलं. कुठल्याच कामाची त्यांनी लाज धरली नाही.

१९२० साली ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. तिचे मालक बाबूराव पेंटर. हे असे कलावंत, की सिनेमाचा कॅमेराच त्यांनी कोल्हापुरात तयार केला! त्यांच्या हाताखाली शांताराम सगळं शिकले. तेव्हा सिनेमा मुका होता. चित्रं हलायची, पण बोलायची नाहीत. 'सुरेखा हरण'मध्ये शांताराम कृष्ण झाले. 'सिंहगड'मध्ये म्हातारे शेलारमामा झाले, तेव्हा त्यांचं वय अवघं बावीसच्या आसपास! १९२५ साली 'सावकारी पाश' आला. त्यात ते तरुण शेतकरी झाले. सावकार त्याची जमीन गिळतो आणि त्याला शहरात गिरणीत मजुरीला जावं लागतं. शेतकऱ्याचं दुःख पडद्यावर इतकं खरं दाखवणारा असा सिनेमा त्या काळी दुर्मीळच.

नटाचं काम करता करता त्यांचं लक्ष कॅमेऱ्यामागं असायचं. १९२७ साली त्यांनी 'नेताजी पालकर' या सिनेमाचं दिग्दर्शन केलं. दिग्दर्शक म्हणजे कुणी कुठं उभं राहायचं, कसं बोलायचं, कॅमेरा कुठं ठेवायचा हे सगळं ठरवणारा माणूस. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या चौघांबरोबर त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट त्यांनी केला. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. त्याच जागेत पुढे १९६० साली सरकारने सिनेमा शिकवणारी संस्था सुरू केली.

मित्रांनो, आता महत्त्वाचं. शांतारामबापूंनी नुसती करमणूक केली नाही. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचं त्यांनी ऐकलं. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये एका तरुण मुलीचं लग्न फसवून म्हाताऱ्याशी लावतात. ती रडत बसत नाही, हे लग्न मला मान्य नाही असं ठणकावते. १९४१ च्या 'शेजारी'मध्ये दोन जिवलग शेजारी आहेत, एक हिंदू नि एक मुसलमान. हिंदीत हाच सिनेमा 'पडोसी' नावाने केला. त्यात बापूंनी हिंदूचं काम मुसलमान नटाला दिलं आणि मुसलमानाचं काम हिंदू नटाला!

१९४२ साली प्रभात सोडून त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर काढलं. राज म्हणजे वडील राजाराम, कमल म्हणजे आई. आईवडिलांचं नाव त्यांनी असं राखलं. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली वारले. त्यांच्यावर बापूंनी १९४६ साली सिनेमा काढला आणि कोटणीसांचं काम स्वतः केलं.

१९५७ साली आला 'दो आँखें बारह हाथ'. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. औंध संस्थानच्या राजांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली होती. तिच्यावरून ही कथा सुचली. एक जेलर सहा खुनी कैद्यांना माळरानावर नेतो. बेड्या नाहीत, गज नाहीत. तो त्यांच्यावर विश्वास टाकतो, आणि ते माळावर भाजीचा मळा फुलवतात. जेलरचं काम बापूंनीच केलं. बैलाशी झुंजीचा प्रसंग घेताना त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. काही काळ दिसेनासं झालं. पण दृष्टी परत आली, आणि लगेच १९५९ साली त्यांनी रंगांनी भरलेला 'नवरंग' काढला! 'दो आँखें'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, जर्मनीत बर्लिनलाही बक्षीस मिळालं.

१९७२ साली त्यांचा 'पिंजरा' गावोगावी गाजला. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी ते वारले. १९९२ साली मरणोत्तर पद्मविभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला.

आता कारण सांगतो. मागच्या वर्षी वर्गात एका मुलाच्या दप्तरातले सहलीचे पैसे गेले. ते मीच घेतले होते. सापडलो, घरी मार खाल्ला, पैसे परत केले. पण मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी डबा खायला कुणी बसेना. कुणाचं पेन हरवलं तरी सगळे माझ्याकडंच बघायचे. शाळेत यायला नको वाटायचं.

एका शनिवारी गुरुजींनी शाळेच्या टीव्हीवर 'दो आँखें बारह हाथ' दाखवला. ते सहा कैदी पळून जायला निघतात, पण जेलरचे डोळे आठवून माघारी फिरतात, ते बघताना माझा गळा दाटून आला. सोमवारी गुरुजींनी सगळ्यांदेखत वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत.

त्याला आता आठ महिने झाले. पुस्तकं देणं-घेणं मीच बघतो. एकही पुस्तक कमी झालेलं नाही, वही तपासून बघा. परवा ज्याचे पैसे घेतले होते तोच मुलगा पुस्तक न्यायला आला, आणि जाताना मधल्या सुट्टीत बस म्हणून सांगून गेला.

म्हणून मी सिनेमावाल्याचं चरित्र लिहिलं.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी