जादू कुणाच्या खाती?

दिवाळीच्या सुट्टीत आमचा नातू आला तो खिशात पत्त्यांचा कॅट घेऊनच. रात्रीची जेवणं झाली, सतरंजी अंथरली गेली आणि त्यानं मला एक पान काढायला सांगितलं. मी काढली बदामची सत्ती. ती परत कॅटमध्ये घालून त्यानं कॅट पिसला. मग चार एक्के दाखवून पालथे धरले, वर टिचकी मारली आणि पाहतो तो तीन एक्के तसेच पालथे, चौथा मात्र उताणा. तो नेमका बदामचा! एवढ्यावर थांबेल तर तो नातू कसला? त्या एक्क्यावरून त्यानं नुसता हात फिरवला आणि एक्क्याच्या जागी माझी सत्ती.

टाळ्या झाल्या. मी विचारलं, ही जादू शोधली कुणी? तो म्हणाला, कुणी नाही, मोबाइलवर असते.

झोप उडायला मला एवढं पुरतं. बँकेत उभी हयात गेली. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि धनी सापडेपर्यंत शोध सोडायचा नाही, ही आमची शिकवण. म्हटलं, ही जमा कुणाच्या खाती ते पाहू या. शोध घेत घेत मी पोचलो थेट एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नात, आणि तिथं भेटला तो माणूस निघाला सरकारच्या अर्थखात्यातला अधिकारी! म्हणजे जवळपास आमच्याच जातकुळीतला.

त्याचं नाव योहान नेपोमुक होफ्झिन्सर. जन्म व्हिएन्नातलाच, 19 जून 1806 चा. दिवसा कचेरी, कागद, आकडे, आणि कचेरी सुटली की पत्ते. जुगारासाठी नव्हेत, जादूसाठी. त्या काळी जादूचा प्रयोग म्हणजे मोठमोठ्या पेट्या, चकचकीत यंत्रं, रंगमंचावरचा थाट. होफ्झिन्सरनं जादू दिवाणखान्यात आणली. समोर मोजके सुशिक्षित पाहुणे, हातभर अंतरावर त्याची बोटं आणि जोडीला गोड, मिश्किल बोलणं. पत्त्यांचे खेळ म्हणजे जादूतली कविता, अशी त्याची धारणा होती.

पाहुण्यानं काढलेलं पान कॅटमध्ये जातं तेव्हा जादूगाराला त्याचा ठावठिकाणा हवा असतो. पत्ते पंख्यासारखे पसरता पसरता हवं ते पान इतरांच्या आडून अलगद खाली सरकवायची एक हातोटी आहे. जगभरचे जादूगार ती आजही होफ्झिन्सरच्या नावानं ओळखतात. आमच्या नातवानं केलेला चार एक्क्यांचा खेळही होफ्झिन्सरचं कोडं म्हणूनच प्रसिद्ध आहे. दर पिढीतला कुणी ना कुणी हुशार पत्तेवाला या कोड्याची आपली नवी उकल मांडतो, पण कोड्यावरचं नाव बदलत नाही.

1857 साली व्हिएन्नात होफ्झिन्सरनं आपल्या प्रयोगांची बैठक सुरू केली. नाव मोठं गमतीचं : आभासाचा एक तास. पण सरकारी अधिकाऱ्यानं तिकीट लावून जादू करायची म्हणजे पंचाईतच. म्हणून बैठक भरे ती त्याच्या पत्नीच्या, व्हिल्हेल्मिनाच्या नावावर. कला त्याची, पाटी तिची!

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. त्याचं कारण जरा घरगुती आहे.

1980 च्या दशकातली गोष्ट. मी नुकताच अधिकारी झालो होतो आणि कथाही लिहू लागलो होतो. लेखन छापायचं तर बँकेची परवानगी हवी. अर्ज केला, तो वरच्या टेबलांवरून फिरत राहिला. दिवाळी अंक काही त्याच्यासाठी थांबणार नव्हते. मग माझ्या पहिल्या दोन कथा छापून आल्या त्या सौभाग्यवतींच्या नावानं. संपादकांचं कौतुकाचं पत्रही तिलाच आलं. आम्ही खूप हसलो. पुढं परवानगी आली, तिसऱ्या कथेवर माझं नाव लागलं, आणि तेव्हापासून आजवरच्या प्रत्येक पुस्तकावर ते एकटंच आहे. पहिल्या संग्रहात त्या दोन कथाही मी माझ्याच नावावर घेतल्या. खातं दुरुस्त झालं, असं मी समजत होतो.

असो. होफ्झिन्सरकडे परत येऊ.

1865 साली नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो प्रयोग घेऊन गावोगाव हिंडला आणि 11 मार्च 1875 रोजी व्हिएन्नातच वारला. आपल्या कलेवर पुस्तक असं त्यानं मागं ठेवलं नाही. त्याच्या इच्छेनुसार पत्नीनं त्याचे कागद नष्ट केले, अशी गोष्ट जादूगारांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच्याच वयाचा, पॅरिसचा रोबेअर-उदँ याच्या अगदी उलट. त्यानं आत्मचरित्र लिहिलं, नाव इतकं गाजवलं की पुढं एरिक वाइस नावाच्या मुलानं त्यावरूनच हुडिनी हे नाव घेतलं. आणि याच हुडिनीनं 1908 साली अख्खं पुस्तक लिहून, रोबेअर-उदँनं दुसऱ्यांच्या युक्त्या स्वतःच्या म्हणून मिरवल्या, असा आरोप केला! श्रेयाचा हिशेब असा असतो. लिहून ठेवलं तरी वाद, न ठेवलं तर विस्मरण.

होफ्झिन्सर विस्मरणातच जायचा. वाचला तो ओटोकार फिशर या माणसामुळे. होफ्झिन्सर गेला तेव्हा हा फिशर जेमतेम दोन वर्षांचा. मोठेपणी तोही व्हिएन्नात जादूचे प्रयोग करू लागला. होफ्झिन्सरच्या हयात शिष्यांकडून, विशेषतः गेओर्ग हॉयबेककडून, त्यानं एकेक खेळ समजून घेतला, टिपला, जुळवला. 1910 साली त्यानं होफ्झिन्सरच्या पत्त्यांच्या कलेवर जर्मन पुस्तक काढलं. 1931 साली एस. एच. शार्प यांनी ते इंग्रजीत आणलं आणि हा अर्थखात्यातला अधिकारी जगभरच्या जादूगारांचा गुरू झाला. 1998 पासून तर मॅजिक ख्रिश्चन या व्हिएन्नाच्याच जादूगारानं त्याच्या चरित्राचे आणि कलेचे जाडजूड खंड प्रसिद्ध केले.

मला राहून राहून फिशरचं नवल वाटतं. कागद नाहीत, गुरू हयात नाही, शिष्य म्हातारे झालेले. त्यानं हे खेळ स्वतःच्या नावावर खपवले असते तर कोण विचारणार होतं? कुठल्या ऑडिटरनं पकडलं असतं? पण त्यानं प्रत्येक नोंद ज्याची त्याच्या खाती टाकली. जादूच्या धंद्यात फसवणूक हीच कला, पण या माणसानं हिशेबात फसवणूक केली नाही.

आणि मी? आमच्या त्या पहिल्या कथांची गोष्ट मी चारचौघांत पुष्कळदा रंगवून सांगितली आहे. एक तपशील मात्र दरवेळी गाळला. त्या कथांची मुद्रणप्रत तिनं केली होती, आणि दोन्ही कथांचे शेवटचे परिच्छेद तिनं काढून टाकले होते. मी त्यात उपदेश केला होता. कथा जिथं संपायला हव्या तिथं तिनं संपवल्या, आणि संपादकांनी पत्रात वाखाणला होता तो शेवटच! नंतरच्या प्रत्येक हस्तलिखितावरही तिची पेन्सिल फिरली आहे. तेव्हा पाटी तिची आणि कला माझी, हा हिशेब मुळातच चुकलेला. इतकी वर्षं ती रक्कम सस्पेन्स खात्यात पडून होती आणि धनी शेजारच्या खोलीत गव्हले वळत बसला होता.

नातवाला मी सांगितलं, हा खेळ करशील तेव्हा आधी होफ्झिन्सर हे नाव घ्यायचं. चार वेळा त्याची जीभ अडखळली. पाचव्यांदा जमलं. आता तो नाव घेतो आणि मगच कॅट पिसतो.

माझ्या पहिल्या संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे. तिच्यासाठी मी मनोगत लिहिलं, त्यात हे सगळं कबूल केलं आणि भीत भीत कागद सौभाग्यवतींपुढं ठेवला. तिनं चष्मा लावला, सावकाश वाचलं, काही बोलली नाही. मग पेन्सिल घेतली आणि शेवटचा परिच्छेद काढून टाकला.