सेवादलाचे शिल्पकार डॉ. ना. सु. हर्डीकर

तरुणांची संघटना उभी करावयाची, तर तिला गावाचा आधार आणि मोठ्या संस्थेचा हात लागतो. मात्र तो हात धरल्यावर संघटना आपली उरते का, हा प्रश्नही त्याच दिवसापासून सुरू होतो. हिंदुस्थानी सेवादलाचे संस्थापक डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचे आयुष्य या प्रश्नाभोवतीच गुंफलेले होते.

७ मे १८८९ रोजी धारवाड येथे जन्मलेल्या हर्डीकरांवर लोकमान्य टिळकांच्या विचारांचा खोल ठसा होता. कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले आणि मिशिगन विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. त्या काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कमधून भारतीय स्वराज्याचा प्रचार करीत होते. त्यांच्या होमरूल लीगच्या कामाची मोठी जबाबदारी हर्डीकरांनी सांभाळली. १९२१ मध्ये ते मायदेशी परतले. परदेशी पदवीच्या बळावर वैद्यकीय व्यवसायात स्थिरावणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी हुबळीत राहून तरुणांचे संघटन करण्याचा मार्ग पत्करला.

तो काळ बालवीर चळवळीच्या प्रसाराचा होता. भारतात १९०९ च्या सुमारास सुरू झालेली स्काऊट पथके प्रारंभी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. पुढे अॅनी बेझंट यांनी मद्रासेत, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत भारतीय मुलांसाठी पथके काढली. गणवेश, कवायत, शिबिर आणि सेवा यांतून चारित्र्य घडते, हे सर्वांनाच पटले होते. पण स्काऊटच्या प्रतिज्ञेत सम्राटाविषयीची निष्ठा होती. स्वराज्याची आस लागलेल्या तरुणांना ती मान्य होणे अवघड होते. त्यांना शिस्त हवी होती, आणि ती देशासाठी हवी होती.

हर्डीकरांच्या हुबळी सेवा मंडळाची कसोटी १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात लागली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या स्वयंसेवकांनी तुरुंग भरले. तुरुंगातील हाल असह्य होऊन अनेकांनी माफीनामे लिहून दिले. हुबळीच्या तरुणांनी मात्र माफी मागितली नाही. उत्साह आणि शिक्षण यांतील अंतर तेथे साऱ्या देशाला दिसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवादलाची स्थापना झाली. पंडित जवाहरलाल नेहरू दलाचे पहिले अध्यक्ष झाले आणि संघटनेची धुरा हर्डीकरांकडे आली.

पाठिंब्याबरोबर शंकाही आल्या. गणवेशातील, हुकमानुसार चालणारे दल अहिंसेच्या तत्त्वाशी जुळते का, असा प्रश्न काँग्रेसमध्येच विचारला जाऊ लागला. वादविवादात वेळ न घालवता हर्डीकरांनी कामातून उत्तर दिले. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. तेथील व्यवस्थेत सेवादलाचे स्वयंसेवक अग्रभागी होते. उमाबाई कुंदापूर यांच्या नेतृत्वाखाली स्त्री-स्वयंसेविकाही उतरल्या. गर्दी आवरणे, स्वच्छता राखणे, पाहुण्यांची सोय पाहणे ही कामे दिसायला साधी. पण हजारोंच्या मेळाव्यात त्यांवाचून एक दिवसही निभत नाही. पुढे शिबिरे आणि 'व्हॉलंटिअर' या मासिकाच्या द्वारे हर्डीकरांनी हा विचार प्रांतोप्रांती नेला.

१९३१ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सेवादलाला आपली अधिकृत स्वयंसेवक संघटना करून घेतले. दलाला देशव्यापी मान्यता मिळाली, आणि त्याचबरोबर त्याचे स्वतंत्र अस्तित्वही सरले. ज्याने रोप लावले, त्याच्या हातून बागेचा कारभार गेला. पुढच्याच वर्षी सविनय कायदेभंगाच्या दुसऱ्या पर्वात सरकारने दलावर बंदी घातली. शिस्तबद्ध तरुणांच्या शक्तीचे मोल राज्यकर्त्यांनीही नेमके ओळखले होते.

सेवेची दुसरी वाट हर्डीकरांनी वैद्यकाच्या ज्ञानातून शोधली होती. बेळगाव जिल्ह्यातील घटप्रभा येथे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक आरोग्य संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. परदेशात घेतलेले शिक्षण अखेर ग्रामीण रुग्णांच्या उपयोगी पडले. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. १९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान मिळाला. २६ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

नव्या पथकाचा आरंभ करणाऱ्यांना आजही शाळा, पंचायत, मंदिर वा मंडळ यांच्या आश्रयावाचून पुढे जाता येत नाही. जागा, पैसा आणि पालकांचा विश्वास तेथूनच मिळतो. त्या मोबदल्यात काय द्यावयाचे आणि काय राखून ठेवावयाचे, हे आरंभीच ठरवावे लागते. हर्डीकरांनी संघटनेवरील आपला हक्क सोडला. शिस्त आणि सेवा यांबाबत मात्र तडजोड केली नाही. काँग्रेस सेवादल आजही अस्तित्वात आहे. त्याच्या मुळाशी असलेले हुबळीचे ते छोटे मंडळ मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.