बंदर नाही, गोदी नाही, तरीही इंग्रजांशी पाच वेळा भिडलेला फ्रेंच दर्यावर्दी

प्येर आंद्रे द सुफ्राँ हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पण १७८२-८३ मध्ये याच माणसाने मद्रासच्या इंग्रजांची झोप उडवली होती.

जन्म १७२९ चा, फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या सरदार घराण्यातला. लहान वयातच आरमारात भरती झाला. पुढे दोनदा इंग्रजांच्या कैदेत पडला. पन्नाशी आली तरी मोठ्या आरमाराची सूत्रं हाती आली नव्हती.

संधी आली १७८१ मध्ये. पाच युद्धनौका घेऊन तो ब्रेस्टहून निघाला. वाटेत केप व्हर्दे बेटांवरच्या पोर्तुगीज बंदरात केपकडे निघालेला इंग्रजी ताफा पाणी भरत थांबला होता. बंदर तटस्थ होतं, पण सुफ्राँने सरळ हल्ला चढवला. लढाई निर्णायक झाली नाही. मात्र केपला तो आधी पोचला आणि डचांची ती वसाहत वाचली.

पुढच्या वर्षी वरिष्ठ अधिकारी वारला आणि हिंदी महासागरातलं फ्रेंच आरमार त्याच्या हाती आलं. खरी अडचण इथेच होती. पाँडिचेरी इंग्रजांनी आधीच घेतलेली. सर्वात जवळचा आपला तळ म्हणजे थेट मॉरिशस! समोरचा एडवर्ड ह्यूज मात्र जहाजं दुरुस्त करायला मुंबईच्या गोदीत जाऊ शकत होता. सुफ्राँ लहान जहाजांच्या डोलकाठ्या काढून मोठ्यांवर चढवायचा.

त्यात त्याचे कप्तान. आडदांड स्वभावाच्या, सदा घाईत असलेल्या या सेनापतीचे हुकूम काही जण पाळायचेच नाहीत. सद्रास, प्रोव्हिडियन, नागपट्टणम, त्रिंकोमाली अशा चार लढाया १७८२ मध्ये झाल्या, पण शत्रूचं एकही मोठं जहाज हाती लागलं नाही. आमच्या मते यात त्याचाही दोष होता. मनातला बेत तो कप्तानांना नीट समजावून सांगत नसे.

तरी त्याने त्रिंकोमाली जिंकून बंदर मिळवलं आणि कडलूरला हैदर अलीची भेट घेतली. डिसेंबरमध्ये हैदर वारला. जून १७८३ मध्ये इंग्रजांनी कडलूरला फ्रेंच फौजेला घेरलं, तेव्हा सुफ्राँ १५ जहाजांनिशी ह्यूजच्या १८ जहाजांवर चालून गेला. ह्यूज मद्रासला परतला.

आता कुठे पारडं फिरत होतं, आणि युरोपात तह झाल्याची बातमी आली.

फ्रान्सने त्याच्यासाठी व्हाइस ॲडमिरलचं खास जादा पद निर्माण केलं. १७८८ च्या डिसेंबरमध्ये तो पॅरिसमध्ये वारला.